‘एकदा करा, पाच वर्षं विसरा’: विसरायचं कुणी आणि काय?

पाडव्याला भाच्याने नवी गाडी घेतली. रंग काळा. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले, आणि किल्ली हातात पडायच्या आत विक्री विभागातल्या पोराने एक गुळगुळीत फोल्डर पुढे सरकवला. "सर, सिरॅमिक करून घ्या. नाइन एच आहे. एकदा करा, पाच वर्षं विसरा." किंमत २८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३३,०४०. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दीड हजारात सीलंटची बाटली येते. आण, रविवारी दोघं मिळून लावू." पोरगा हसला. "काका, सीलंट आता कोण लावतं? ते जुन्या काळातलं झालं." भाचाही हसला, आणि कोटिंगच्या रकान्यात सही झाली.

हसण्याचं काही नाही, पण ते वाक्य मला डाचत राहिलं. हल्ली ते शोरूममध्ये ऐकू येतं, डिटेलिंगच्या दुकानात ऐकू येतं, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कुणीही नवी गाडी घेतली की दहा मिनिटांत ऐकू येतं. सिरॅमिक म्हणजे सुधारलेलं, सीलंट म्हणजे मागासलेलं. पैसे असतील तर पहिलं घ्यायचं आणि नसतील तर दुसऱ्यावर भागवायचं, अशी ही मांडणी आहे. ती चुकीची आहे, आणि आपल्याकडची धूळ, आपल्याकडचं पाणी आणि आपल्याकडे गाडी पुसण्याची रीत पाहता जवळजवळ उलटी आहे, एवढं मला इथे दाखवायचं आहे.

आधीच सांगतो, सिरॅमिक म्हणजे निव्वळ लूट असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीतही मी बसत नाही. रसायन खरं आहे. सिलिकॉनची काही संयुगं द्रवरूपात रंगावर पसरली की हवेतला दमटपणा शोषून एकमेकांत गुंफली जातात आणि काचेच्या जातीचा एक पातळ, घट्ट थर तयार होतो. तो साध्या शांपूने निघत नाही, आम्लारींना आणि सौम्य आम्लांना सीलंटपेक्षा चांगलं तोंड देतो. सीलंट हे त्या मानाने साधं काम आहे: पॉलिमरचा एक लेप, रंगावर चिकटून बसतो, तीन-चार महिन्यांनी झिजून जातो. टिकण्याची शर्यत लावली तर सिरॅमिक जिंकतं, यावर वाद नाही. माझ्या मागच्या गाडीला मीही ते करवलं होतं, तेव्हा हे कोल्हा आणि द्राक्षांचं प्रकरण नाही.

पण त्या पोराने टिकण्याची शर्यत विकली नव्हती. त्याने "नाइन एच" विकलं होतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या कुणालाही हा एच ओळखीचा वाटायला हवा. तो पेन्सिलीचाच एच आहे. रंगाच्या थराचा कठीणपणा मोजण्याची एक जुनी, साधी चाचणी आहे. मऊ पेन्सिलीपासून कठीण पेन्सिलीपर्यंत एकेक पेन्सिल ४५ अंशांत धरायची, ७५० ग्रॅमचा भार द्यायचा आणि थरावरून पुढे ढकलायची. जी सर्वांत कठीण पेन्सिल ओरखडा पाडू शकत नाही, तिचा क्रमांक म्हणजे त्या थराचा कठीणपणा. चाचणीतल्या पेन्सिली ९ एचला संपतात, म्हणून आकडाही तिथेच संपतो. म्हणजे नाइन एच याचा सरळ अर्थ असा की या थरावर पेन्सिलीने ओरखडा पडत नाही. तुमच्या गाडीवर कुणी पेन्सिल घेऊन धावून येत असेल तर कोटिंग अवश्य करून घ्या.

गिऱ्हाईक मात्र हा नऊ दुसऱ्याच पट्टीवरचा समजतं. फ्रेडरिक मोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तिच्यात हिरा दहावर आहे आणि माणिक-नीलम ज्या खनिजाचे, ते कुरुंद नऊवर. "नाइन" ऐकलं की ऐकणाऱ्याच्या मनात हिऱ्याच्या खालोखाल असं काहीतरी उभं राहतं, आणि विकणारा ते मोडून काढत नाही. खोटं बोलावंच लागत नाही त्याला.

आता आपल्या हवेत काय उडतं ते पाहा. पुणे असो, नाशिक असो, संभाजीनगर असो, दर दुसऱ्या चौकात बांधकाम चालू आहे आणि त्यात पडते ती बहुतेक क्रश सॅण्ड, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा भुगा. त्यातलं फेल्डस्पार मोझच्या पट्टीवर सहाच्या आसपास येतं. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. साधी काच साडेपाचच्या घरात. खात्री करायला प्रयोगशाळा नको. संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून गाडी उभी करा आणि समोरच्या काचेवर वायपरने काढलेल्या बारीक कमानी बघा. ती खरी काच आहे, काही मिलिमीटर जाडीची, आणि धूळ व रबराने तिचीही ही गत केली. मग "लिक्विड ग्लास" म्हणून मिरवणारा एक-दोन मायक्रॉनचा थर त्याच धुळीपुढे काय टिकाव धरणार?

जाडीचंही एकदा बोलून टाकू. पत्र्यावरचा सगळा रंग, म्हणजे खालचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून, साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५०. कोटिंग एक, फार तर दोन. हा थर स्वतः कितीही कडक असला तरी तो बसलाय त्याच्याहून मऊ क्लिअर कोटवर. गादीवर पापड ठेवून वरून बोट दाबल्यासारखं आहे ते. द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकने उडवलेला खडा अडवायला दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, आणि तिचा हिशोब लाखाच्या आसपास जातो. उन्हापासून रक्षण हा आणखी एक दावा. त्यात फार वेळ घालवत नाही. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं कारखान्यातच क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात, आणि शोषण्याच्या कामाला जाडी लागते, जी मायक्रॉनभर थरापाशी नसते.

आणि चकाकी? कोटिंग करून आलेली गाडी आरशासारखी दिसते, हे मी नाकारत नाही. पण कोटिंग लावण्याआधी दुकानात काय होतं ते थांबून बघा. गाडी धुतात, लोखंडाचे कण काढणारं रसायन मारतात (ते जांभळं होऊन ओघळतं, बघायला मजा येते), क्ले फिरवतात, मग मशिनने रबिंग आणि पॉलिश. पृष्ठभागावरच्या बारीक रेषा क्लिअर कोटचा एखाद-दुसरा मायक्रॉन घासून काढल्या जातात. चकाकी इथे जन्माला येते. त्यानंतर वर कोटिंग लावा, सीलंट लावा, पार्किंगमध्ये दहा पावलांवरून दोन्हीतला फरक ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे. बिल मात्र सगळं बाटलीच्या नावाने फाटतं. जो माणूस सहा-आठ तास वाकून मशिन धरतो, त्याच्या कसबाचं नाव पावतीवर कुठेच नसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. गाडीचा रंग बिघडवतं कोण? ऊन, पाऊस, पक्षी ही सगळी नावं घेतली जातात. आपल्याकडे पहिलं नाव घ्यायला हवं ते ओल्या फडक्याचं. सोसायटीत सकाळी साडेपाचला एक माणूस येतो. आठच्या आत त्याला तीस-चाळीस गाड्या उरकायच्या असतात. बादली एक, फडकी दोन. पहिल्या गाडीची धूळ तिसऱ्या गाडीवर, तिसरीची दहावीवर. दहाव्या गाडीपाशी पोचेपर्यंत ते फडकं म्हणजे बारीक पॉलिश पेपर झालेलं असतं. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात, त्या याच.

यात त्या माणसाला दोष देणं हलकटपणाचं आहे. महिन्याला पाच-सहाशे रुपये देतो आपण एका गाडीचे. आमच्याकडे येणाऱ्या दादांना मी एकदा म्हटलं, "दादा, रोज नका पुसू, दिवसाआड पाणी मारून पुसा." ते म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता ते पटतं. पण एक दिवस गाडी पुसलेली दिसली नाही तर बाकीचे लोक पैसे कापतात." आता सांगा, तेहतीस हजारांचं कोटिंग केलेल्या मालकाने यांच्यासाठी दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली आणून दिली आहे का? नसते दिलेली. कारण त्याला सांगितलं गेलंय की आता विसरायचं.

कोटिंगची खरी गोम इथे आहे. ते टिकतं, पण नीट धुतलं तर: दोन बादल्या, आम्लारी नसलेला शांपू, स्वच्छ मायक्रोफायबर, सावली, आणि लगेच पुसून कोरडं करणं. हे सगळं करणारा माणूस सीलंटवरही गाडी वर्षानुवर्षं नवी ठेवतो. हे न करणाऱ्याची गाडी सिरॅमिकवरही दीड वर्षात मळकट दिसू लागते. ज्याला वेळ नाही त्याला ते विकलं जातं, आणि ज्याला वेळ आहे त्यालाच ते लाभतं.

पाण्याचं सांगायचं राहिलं, आणि माझं स्वतःचं पोळलेलं बोट तिथलंच आहे. कोटिंगच्या जाहिरातीत पाण्याचे टपोरे थेंब बॉनेटवरून घरंगळत जातात. आपल्याला ते फार आवडतं. अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून बघत आलोय. पण अळवाच्या पानाची कारागिरी वेगळी. त्याच्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांची नक्षी असते, थेंब टेकतो तो फक्त शेंड्यांवर, आणि पान झुकतं. सपाट रंगावर कितीही उत्तम कोटिंग केलं तरी थेंब पृष्ठभागाशी साधारण ११० अंशांचा कोन करतो. अळू आणि कमळ दीडशेच्या पुढे जातात. शिवाय गाडीचं छत आणि बॉनेट बऱ्यापैकी सपाट असतं. थेंब गोल होतो आणि तिथेच बसून राहतो.

पावसाळ्यात याने काही बिघडत नाही. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारमुक्त, वरून सर आली की थेंब वाहून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये कोटिंग केलेली गाडी खरोखर देखणी दिसते आणि विकणाऱ्यांचे व्हिडिओही बहुधा तेव्हाचेच असावेत. पण मार्च ते मे आपण गाडी कशाने धुतो? पुण्याच्या वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. त्याच पाण्याने गीझरची कॉइल पांढरी पडते आणि बाथरूमचे नळ खरखरीत होतात. हे पाणी ज्या रंगावर पसरून वाहून जातं तिथे क्षारांचा पातळ पापुद्रा राहतो, जो पुढच्या धुण्यात निघतो. जिथे त्याचे टपोरे थेंब होतात, तिथे थेंबातले सगळे क्षार सुकता सुकता एका वर्तुळात गोळा होतात. तापलेल्या पत्र्यावर चार वेळा असं झालं की डाग बसतो.

माझ्या राखाडी गाडीच्या छतावर पहिल्याच उन्हाळ्यात असे शेकडो चंद्र उगवले. ज्या दुकानात काम केलं होतं तिथे गेलो. वॉरंटी कार्ड सोबत होतं, पाच वर्षांचं. त्यांनी अत्यंत नम्रपणे मागची बाजू दाखवली. पाण्याचे डाग वॉरंटीत नाहीत. ओरखडे नाहीत. पक्ष्यांची विष्ठा वेळेत न धुतल्याने उमटलेले व्रण नाहीत. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून देखभाल केलेली नसेल तर काहीच नाही. मी विचारलं, मग वॉरंटी आहे कशाची? "कोटिंगची, सर." कोटिंग शाबूत होतं, गाडी तेवढी खराब झाली होती.

उपाय एकच होता, पॉलिश करून डाग काढणं. आणि इथे मला टिकाऊपणाची दुसरी बाजू कळली. सीलंटवर डाग पडले असते तर क्ले आणि हलक्या पॉलिशने लेपासकट बाजूला झाले असते आणि त्याच संध्याकाळी नवा लेप चढला असता. सिरॅमिक जाता जात नाही. ते घासून काढावं लागतं, आणि घासताना क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन सोबत जातात. रक्षणासाठी लावलेली वस्तू काढायला, जिचं रक्षण करायचं तीच वस्तू थोडी खर्च करावी लागली.

दारावर शेजारच्या स्कूटरचा हँडल घासला, बंपर रिक्षाने चाटला, हे तर शहरातलं नित्याचं. डेंटिंग-पेंटिंग झालं की त्या भागावरचं कोटिंग गेलं. नव्या रंगाला पुरतं सुकायला काही आठवडे द्यायचे, मग पुन्हा दुकान गाठायचं, एका दारासाठी वेगळे पैसे मोजायचे. विम्यात हा खर्च धरलेला आहे का, ते पॉलिसी उघडून बघितलेलं बरं. सीलंटवाल्याकडे या सगळ्याची जागा अर्धा तास आणि चार चमचे द्रव घेतात.

"पण दर तीन-चार महिन्यांनी लावत कोण बसणार?" हा भाच्याचा प्रश्न, आणि त्याच्या सगळ्या म्हणण्यात वजनदार असा हाच. उत्तर देताना मला आजोळचं कौलारू घर आठवतं. दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, सडलेली रीप बदलायची, पुन्हा रचायची. काम कंटाळवाणं होतं. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा घराच्या छपरावरून माणसाचा हात फिरायचा. वाळवी कुठे लागली, पागोळी कुठे वाकडी पडते, ते तेव्हाच कळायचं. सीलंट लावताना गाडीच्या वीतभर-वीतभर भागावरून हात जातो. बॉनेटवर खड्याने उडालेला टवका, दाराच्या खालच्या कडेला आलेला फुगवटा, चाकावरच्या कमानीतला पहिला गंज, हे डोळ्यांआधी बोटांना लागतं. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत गाड्या सडतात त्या अशाच टवक्यांतून आणि कडांच्या आतून. तिथे बॉनेटवर वरून लावलेलं काहीच पोचत नाही, सिरॅमिकही नाही आणि सीलंटही नाही. पोचते ती नजर, आणि ‘विसरा’ म्हटल्यावर आधी तीच जाते.

पैशांचा हिशोब करताना मात्र प्रामाणिक राहायला हवं. स्वतः लावलं तर बाटली, क्ले आणि चार फडकी धरून वर्षाचे दोन हजारही होत नाहीत. पण दर खेपेला दुकानात जाऊन सीलंट लावून घेणार असाल, तर पाच वर्षांत तोही आकडा फुगतो आणि सिरॅमिकच्या जवळ येऊन बसतो. ज्याला हात लावायचाच नाही त्याने सीलंट स्वस्त म्हणून घेऊ नये. ज्याची गाडी बंद गॅरेजात उभी राहते, जो स्वतःच धुतो, घरी नळाला मऊ पाणी आहे, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे आणि दर तिमाहीचा रविवार वाचवायचा आहे, त्याने सिरॅमिक जरूर करावं. त्याचा तो योग्य माल आहे. फक्त तीन वर्षं टिकलं तर समाधान मानावं आणि पाच हा आकडा छापील समजावा. सीलंटचीही मर्यादा आहेच. पेट्रोल पंपावरच्या कडक फोम वॉशला दोन-चारदा गाडी नेली की लेप धुऊन निघतो, आणि कोकणच्या धो धो पावसात तो तीन महिने पुरेल अशी आशा धरू नये. गेला तर गेला, पुन्हा लावता येतो.

आणि ज्याला "टेफ्लॉन कोटिंग" म्हणून चार हजार मागितले जातील त्याच्यासाठी एकच वाक्य: तव्यावरचं टेफ्लॉन भट्टीत तीनशे अंशांच्या वर तापवून बसवलेलं असतं, गाडीला कुणी तेवढं तापवत नाही.

भाच्याची गाडी पावसाळाभर सुरेख दिसली. माझ्या सीलंटवाल्या गाडीपेक्षा सरस, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. परवा, ऑक्टोबरच्या भर उन्हात, त्याचा फोन आला. "मामा, पांढरे गोल डाग पडलेत. व्हिनेगरने जातात का?" म्हटलं, निम्मं पाणी मिसळ, पत्रा गार असताना लाव, मिनिटभराने भरपूर पाण्याने धू, आणि लगेच कोरडं कर. छतावरचे बरेचसे गेले. बॉनेटवरचे पाच-सहा राहिले आहेत. ते पॉलिशशिवाय निघणार नाहीत असं शोरूमने सांगितलं, आणि पॉलिश केलं की बॉनेटवरचं कोटिंगही निघेल. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे, पैसे वेगळे.